ओरिनचं पहिलं चित्र

डेल्फिनाची खेचरगाडी वळण घेऊन उतरली ती थेट दरोडेखोरांच्या मधोमध! एकाच्या हातून पिस्तूलच पडलं. खेचर बिथरलं आणि जर्दाळू रस्ताभर सांडले.

"थांबा! अहो बाई, तुम्ही माझ्या सिनेमात घुसलात!" कॅमेऱ्यामागून एक उंच तरुण धावत आला.

"आणि तुम्ही माझ्या रस्त्यात!" डेल्फिना फणकारली. "आता हे वेचणार कोण? तुमचे दरोडेखोर?"

तो काहीतरी खरमरीत बोलणार होता... पण खुदकन हसला. गुडघे टेकून जर्दाळू वेचू लागला. मागोमाग दरोडेखोरही.

तो ओरिन हॅस्केल. आजवर सिनेमा कंपनीचे पडदे रंगवायचा. दिग्दर्शक आजारी पडला, म्हणून मालकाने याला एक संधी दिली होती.

"फसलो, तर पुन्हा रंगाचा डबा," तो हळूच म्हणाला. ऊन डोंगराआड गेलं होतं, कॅमेऱ्यातली फिल्मही संपली होती; पुन्हा चित्रण शक्य नव्हतं. डेल्फिनाचा राग कुठल्या कुठे पळाला.

ओरिनने तो प्रसंग तसाच ठेवला. नाइल्स गावच्या सभागृहात पडद्यावर खेचरगाडी घुसली आणि लोक पोट धरून हसले — मालकसुद्धा! ओरिन दिग्दर्शक झाला.

दुसऱ्याच दिवशी तो डेल्फिनाच्या घरच्या, सिल्व्हेरांच्या जर्दाळूच्या बागेत हजर. "आभार मानायला आलोय."

मग दर रविवारी येऊ लागला. डेल्फिनाशेजारी बसून जर्दाळू चिरायचा.

"आज कशाचे आभार?" ती विचारायची.

"मागच्या रविवारी पाजलेल्या सूपचे," तो म्हणायचा... आणि नजर तिच्या गालावरच्या खळीवर.

"फारच उपकार जाणणारा पोरगा आहे," तिचे बाबा मिशीत हसायचे.

उन्हाळा सरता सरता लॉस एंजेलिसच्या मोठ्या कंपनीने ओरिनला बोलावलं.

"नशीब काढलंत! जा ना," डेल्फिना म्हणाली. हातातली सुरी मात्र थबकली.

"डेल्फिना... शूटिंगच्या वेळी तीस माणसांना हुकूम सोडतो मी. इथे आलो, की शब्दच —"

"आभार राहिलेत का अजून?"

"संपतच नाहीत. जन्मभर मानत राहिलो... तर चालेल?"

तिचे डोळे भरून आले. ती वाट चुकून त्याच्या आयुष्यात शिरली होती, आणि त्याने तिला तिथेच ठेवून घेतलं होतं. तिने चिकट बोटांनी त्याचा हात धरला.

"चालेल. पण माझ्यावर ओरडायचं नाही."

"कधीच नाही!" ओरिन एवढ्यांदा ओरडला, की झाडाखाली डुलक्या घेणारे बाबा टोपी सावरत उठून बसले.