बंद करून चालू करा

नेट गेलंय म्हणून का होईना, माझ्याजवळ येऊन बसलात. एरवी मामाला विचारतंय कोण! बसा. आणि तू रे, राउटरच्या बटणाशी खेळू नकोस. काढ हात तिथून. का ते सांगतो. ऐकीव नाही, माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय. तो आत्ता इथे असता तर हा विषय निघाल्याबरोबर उठून बाहेर गेला असता.

साडू नेटच्या कंपनीत लाइनमन. तीन मजल्यांची एक इमारत त्याच्याकडे होती. जिन्याच्या भिंतीवर एक डबा. मोठी लाइन त्यात येते आणि तिथून आठ घरांना वायरी जातात. आठही जागा भरलेल्या. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर एक वकीलसाहेब राहायला आले. त्यांना नेट आजच्या आज पाहिजे, आणि ओळख थेट वरपर्यंत. ऑफिसातून साडूला दम मिळाला, काहीही कर पण जोडून ये. नवा डबा मागवायचा तर अर्ज करा, खेटे घाला. साडूने काय करावं? तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींची वायर उपटली आणि त्या जागी वकिलांची खोचली.

मावशी एकट्या राहायच्या. शिवणकाम करायच्या. आवाज चढवून बोलणं त्यांना जमायचंच नाही. म्हणून तर त्यांचीच काढली.

रात्री मावशींचा फोन. "दादा, नेट येत नाही हो. तांबडा दिवा लागलाय."

"राउटर बंद करा मावशी. दहापर्यंत मोजा. मग चालू करा."

"केलं दादा."

"परत करा. येईल."

येईल कुठून? वायर स्वतःच्या हाताने काढलेली! पण बोलून बसला. दुसऱ्या रात्री पुन्हा फोन. मावशी संकोचून म्हणाल्या, "तुम्हाला त्रास देते हो. पण भाऊ लांब असतो माझा. अर्धांगवायूने वाचा गेली त्याची, मग साध्या फोनवर काय बोलणार? रोज नऊला आम्ही एकमेकांना नुसतं बघतो. तेवढंच."

"करत राहा मावशी. लाइनचं काम चाललंय."

नवा डबा आज मागवू, उद्या मागवू, यात महिना गेला. मग मावशीच गेल्या. झोपेत. नेटचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं साडू म्हणतो. म्हणताना खाली बघतो.

घराला कुलूप लागलं. वीजही तोडली. आणि इकडे वकीलसाहेबांचं नेट रोज रात्री नऊला जायला लागलं. अर्ध्या तासाने आपोआप परत यायचं. साडूने राउटर बदलला, अॅडॅप्टर बदलला, वायरीची टोकं नव्याने केली. मीटर लावला तर सिग्नल झकास. वकिलांनी त्याची बिनपाण्याने केली, ती वेगळीच.

शेवटी एका रात्री तो त्यांच्या राउटरसमोर ठाण मांडून बसला. गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. पाऊण तास दिवा हिरवागार. नऊ वाजले.

तांबडा.

साडू जिन्यात धावला. डब्याला कुलूप होतं. किल्ली त्याच्याच खिशात. उघडून टॉर्च मारला, तर वकिलांची वायर खाली लोंबतेय... आणि तिच्या जागी मावशींची. घट्ट बसवलेली.

त्याने ती काढली. वकिलांची लावली.

तेवढ्यात वरून आवाज आला.

टक्.

मग काही नाही. दहा मोजेपर्यंत काही नाही...

टक्.

तो वर गेला. मावशींच्या दाराला बाहेरून कुलूप. आत अंधार. दाराला कान लावला.

टक्...

...

टक्.

त्याने सांगितलं होतं, अगदी तसंच.

"घाबरलास का रे?" मी त्याला नंतर विचारलं. म्हणाला, "भीती मागून वाटली. आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं."

तो तिथेच खाली बसला. दाराशी तोंड नेऊन म्हणाला, "मावशी, राउटर चांगला आहे तुमचा. वायर मी काढली होती. मला माहीत होतं... तरी तुम्हाला रोज..."



आतला आवाज थांबला.

साडू खाली उतरला. मावशींची वायर होती तिथे परत लावली आणि वकिलांना न सांगताच घरी गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नव्या डब्यासाठी अडून बसला. संध्याकाळी डबा हातात! म्हणजे मागायचीच खोटी होती. हे सांगताना त्याला रडू आवरलं नाही, माझ्यासमोर.

आठवड्याने मावशींचा भाचा घर रिकामं करायला आला. राउटर कंपनीचा, तो घ्यायला साडूला जावं लागलं. भाच्याने कुलूप काढलं. साडूने मान वर न करता विचारलं, "वडील कसे आहेत तुमचे?"

"आत्या गेल्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही," भाचा म्हणाला. "मधे फार खंगले होते. पण गेला आठवडा बरे आहेत. रात्री टॅब समोर धरायला लावतात. पडद्यावर काही नसतं हो. तरी बघत बसतात... हसतात."

खोलीत सगळीकडे धूळ. शिलाई मशीनवर, खुर्चीवर. विजेचा मीटर केव्हाच काढून नेलेला. त्याने राउटर उतरवायला हात लावला.

आणि हात मागे घेतला.

गरम होता.