गारगोटीने निवडलेलं नाव

माझ्या नायिकेचं लग्न ठरलं, आणि मलाच पत्ता नाही!

मोताळ्याच्या छपाईच्या दुकानात मी माझ्या चित्रकथेचं मुखपृष्ठ टाकून आले होते. नांदुऱ्याच्या मुलांच्या वाचनालयाला चाळीस प्रती हव्या होत्या. घ्यायला गेले, तर वर ठसठशीत अक्षरांत ‘आयुष्मती गारगोटी’ आणि खाली ‘वंदना व सहदेव यांची ज्येष्ठ कन्या’!

“हे काय आहे?”

संगणकामागच्या मुलाने मान वर केली. प्रसेनजित हे नाव नंतर कळलं. आधी दिसले ते डोळे... आणि त्यांतली घाबरगुंडी.

“लग्नसराई आहे ना, मॅडम. पत्रिकेच्या जुन्या फाइलवरच नाव टाकलं. बाकीचं काढाचं राह्यलं.”

“माही पोरगी जग वाचवते! तिले दुसऱ्याचे मायबाप काऊन चिकटवले?”

हसू येऊ नये म्हणून त्याने ओठ दाबले. मला जास्तच राग आला.

“नवीन करून देतो. पण गारगोटी... हे काय नाव आहे? विद्युत्प्रभा ठेवा ना. भारी वाटते.”

“विहिरीत पडलेला माणूस ‘विद्युत्प्रभा, वाचव’ म्हणेपर्यंत त्याचा जीव जाईन!”

आता तो खदखदून हसला. मीही, नाइलाजाने.

मग मी रोज संध्याकाळी नमुना बघायला जाऊ लागले. कधी अक्षरं बारीक, कधी लाल रंग भडक... खरं सांगू? मला खोट काढायची होतीच. चौथ्या दिवशी ‘तुमी’चं ‘तू’ झालं.

“पण गारगोटीच काऊन?” त्याने विचारलं.

“गावचे लोक तिले चिडवत. खडबडीत, टणक, कोणाच्या कामाची नाई म्हणून. तिनं तेच नाव उचललं. म्हणे, घासून तर पाहा.”

“म्हणजे ठिणगी...” तो हळूच म्हणाला. “अन नाव तिचं तिनं निवडलं. कोणी ठेवलं नाई.”

किती नेमकं कळलं होतं त्याला! त्या क्षणी तो मला आवडला, आणि मी ते स्वतःपासून लपवलं नाही. म्हणूनच मनातलं सांगून टाकलं.

“रविवारी मले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. पुण्याचे. महामाया नाव त्याईले जुनाट वाटते. लग्नानंतर मायरा ठेवू म्हणतात.”

माझ्या आजोबांनी बुद्धांच्या आईचं नाव मला दिलं होतं. प्रसेनजितचा हात माउसवर थांबला.

“अन तू काय म्हणते?”

“आईले स्थळ पसंत आहे.”

“मी तुले विचारलं.”

मी उठले. दुकानाची पायरी उतरेपर्यंत मात्र माझं ठरलं होतं.

रविवारी पोह्यांच्या बश्या रिकाम्या झाल्यावर मी सरळ सांगितलं, “मी महामायाच राहीन.”

“अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी हट्ट?” मुलाची आई म्हणाली.

“एवढीशीच आहे, तर राहू द्या ना तशीच.”

पाहुणे गेले. मग ताटात भाजी वाढताना आई म्हणाली, “आता कोण येईन तुले पाहाले?” कोणी यावं, हे मला पक्कं माहीत होतं. पण त्याच्या मनात काय आहे, ते कुठे माहीत होतं? तरी सोमवारी दुकान उघडताच मी हजर झाले.

“नकार देला.”

“काऊन?”

“दोन कारणं. एक तर नाव.”

“अन दुसरं?”

“दुसरं... बसलं आहे समोर. लोकाइच्या पत्रिका छापत.”

त्याचे कान लालबुंद झाले. छपाईयंत्रातला कागद संपला, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“पुढच्या रविवारी... माह्या आईले घेऊन येऊ?”

“ये. पण तिले आधी सांगजो. मले महामायाच म्हणा लागन.”

“तिले काय सांगाचं आता?” तो खाली बघत म्हणाला. “आठ दिवसांपासून मी घरात दुसरं नाव घेतलंच कुठं?”