ओठ बधिर झाला का?

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. त्याने तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं आणि विचारलं, "दातांच्या डॉक्टर फार खडूस आहेत म्हणे?"

"आहेत," मी म्हणाले.

दहा मिनिटांनी माझ्याच खुर्चीत बसताना त्याने कान पकडले. मी फाईल उघडली. हिमोफिलिया. अशा माणसाचं रक्त वाहू लागलं की लवकर थांबत नाही. रक्त गोठण्याचं इंजेक्शन तो सकाळीच हॉस्पिटलमध्ये घेऊन आला होता. तरी जबड्यात मागे खोल सुई घालणं मी टाळलं. आत रक्त साचून सूज घशापर्यंत गेली तर जिवावर बेततं. बारीक सुईने दाढेलगतच्या हिरडीत हळूहळू औषध सोडलं.

"ओठ बधिर झाला का?"

"नाही... तुम्ही नेहमीच इतक्या गप्प असता?"

"कामात असले की."

पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. "अजिबात नाही," म्हणून तो हसला. मी दुसरं इंजेक्शन हातात घेतलं होतं... आणि पाहिलं, ओठ एकाच बाजूने हसत होता.

मी इंजेक्शन खाली ठेवलं. मला राग आला. सहसा येत नाही.

"खोटं बोललात! तुमच्यासाठी एकेक सुई जोखमीची आहे, कळतं ना?"

"दाढ निघाली की जावं लागेल ना..." तो पुटपुटला. "चुकलं."

मला हसू आलं. मास्क होता म्हणून बरं.

दाढ काढली, टाके घातले, औषधात भिजवलेला बोळा ठेवला. "अर्धा तास दाबून धरा. बोलायचं नाही." सूचनांच्या कागदावर माझा नंबर लिहिला: रक्त आलं तर लगेच फोन करा.

त्याने खुणेनेच पेन मागितलं आणि खाली लिहिलं – 'आणि नाही आलं तर?'

मी उगाच हातमोजे काढत बसले. "तरी करा," म्हणाले. "पण खरं तेच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. रक्त तर आलं नसेल? पेशंट समोर असताना मी फोन घेत नाही. घेतला.

"थेंबभरही आलं नाही, डॉक्टर. ओठही ताळ्यावर आलाय. आता खरं सांगू? तुम्ही मला फार आवडलात."

मी मास्क खाली ओढला.

"तुम्हीही... मला."

खुर्चीतल्या आजोबांनी, वासलेला आ तसाच ठेवून, अंगठा वर केला.