उद्या उघडू

"बाई, चहावर साय धरलीय!" मुलीनं खड्ड्यात वाकून हाक मारली.

"धरू दे! इथं उंबरा लागलाय!"

टेकाडावरची सगळी माणसं हातातली कामं टाकून धावली. नदीच्या वळणावरच्या, जंगलानं गिळलेल्या या टेकाडाखाली एक प्राचीन देऊळ आहे, असं बाई वर्षानुवर्षं सांगत होत्या. लोक समोर मान डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. आणि आज खड्ड्याच्या तळाशी खरोखरच दगडी उंबरा होता. त्यामागं गाभाऱ्याचं दार, आणि दारावर घट्ट बसवलेली अखंड शिळा. सांध्यातला चुना जसाच्या तसा. म्हणजे बंद झाल्यापासून आत कुणीही गेलेलं नव्हतं!

"पहार आणू?" मुकादमांना धीर निघेना.

बाईंनी वर पाहिलं. ऊन तिरपं झालं होतं.

"उद्या उघडू."

ऊन तिरपं झालं की नवं काही उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. दमलेले हात घाई करतात, आणि घाईत हातचं जातं.

"अहो, एक दगड तर हलवायचाय!" मुलगी म्हणाली.

"इतकी शतकं थांबलाय तो. एका रात्रीनं काही रुसणार नाही." बाईंनी गार चहा सायीसकट संपवला आणि थापी पट्ट्यात खोचली. "मुकादम, उद्या जरा दाढी करून या. देवासमोर जायचंय."

सकाळी मुकादम गुळगुळीत दाढी करून आले. बाई तंबूतून बाहेर आल्याच नाहीत. झोपेतच गेल्या होत्या.

सगळ्यांसारखी मुलगीही तिथं त्यांना 'बाई'च म्हणायची. कामावर आई नाही आणि लेक नाही, हाही बाईंचाच नियम. शाळा संपल्यापासून दर हंगामात ती त्यांच्याबरोबर यायची, मातीचे थर कागदावर रेखाटायची. "हिला माझ्यासारखंच दगडांचं वेड," असं बाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या. मुलगी खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसायची.

आईला शेवटचा निरोप देऊन ती शहरातल्या घरी परतली. दारातले आईचे मातीनं माखलेले बूट तिनं उचलले नाहीत, धुतलेही नाहीत. आणि मग टेकाडावर ने-आण करणाऱ्या नावाड्याचा निरोप आला: वर डोंगरात पाऊस कोसळतोय, नदी चढतेय.

खड्डा उघडाच होता! पाणी आत शिरलं तर भिंती ढासळणार, चुना विरघळणार आणि गाभारा गाळानं भरून जाणार. पूर पोचायच्या आत खड्डा बुजवायला हवा होता. ती, मुकादम आणि नावाडी, तिघंच निघाले.

नदी ओळखू येत नव्हती. गढूळ पाण्यावरून अख्खी झाडं मुळांसकट वाहत येत होती.

"खाली बसा!" नावाडी ओरडला.

एक ओंडका नावेला घासून गेला. नाव कलली. पाणी आत आलं. मुलीनं मिळेल त्या भांड्यानं ते उपसलं. कसाबसा काठ लागला!

टेकाडाचा पायथा बुडत चालला होता. खड्ड्याच्या भिंती ओलावून काळ्या पडल्या होत्या. मुकादम तळाशी उतरले, ते पहार घेऊनच.

"ताई, बाईंसाठी तरी उघडू या. नुसतं डोकावायचं. मग बुजवू."

तिनं शिळेवर तळवा टेकला. दगड गार होता. आई जे बघायला आयुष्यभर खणत राहिली, ते या हाताच्या पलीकडं होतं. एक पहार. एक जोर.

"नको, काका."

"अहो, पण त्यांना बघायचं होतं!"

"बघायचं होतं. बुडवायचं नव्हतं. चुना फुटला की पाण्याला वाट मिळेल. ठेवा ती पहार."

मुकादमांनी पहार खाली टाकली, आणि त्याच क्षणी मागची भिंत सुटली! मातीचा लोंढा कोसळला. मुकादम कमरेपर्यंत गाडले गेले.

"पाय! माझा पाय!"

तिनं पट्ट्यात खोचलेली आईची थापी उपसली. खरवड, ओढ, खरवड! नावाड्यानं वरून दोर टाकला. तिनं तो मुकादमांच्या काखेखालून बांधला.

"ओढा!"

पाय सुटला. बूट आतच राहिला.

मुकादम खड्ड्याच्या काठावर बसून धापा टाकत म्हणाले, "अर्धं काम भिंतीनंच करून टाकलं. आणि माझ्या बुटाची समाधी बांधली." हसता हसता त्यांना रडू कोसळलं.

मुलगी पुन्हा उतरली. शिळेला तिनं ताडपत्री लावली. खड्डा बुजवताना तळाशी आपल्या काळाची एखादी वस्तू ठेवायची, म्हणजे पुढं कधी कुणी खणलं, तर आपल्याआधी इथवर कुणीतरी आलं होतं हे त्याला समजतं. बाई नेहमी त्या सालचं नाणं ठेवायच्या. तिनं उंबऱ्यावर थापी ठेवली. झिजून अर्धी झालेली, मुठीला आईच्या अंगठ्याचा खळगा पडलेली.

मग वाळूची पोती, माती, पुन्हा पोती. मुकादमही लंगडत माती ओढत राहिले. हातांची सालं निघाली. पाणी चढत होतं. शेवटची पाटी पडली तेव्हा खड्ड्याच्या जागी साधी सपाट जमीन होती. आत गाभारा अंधारा होता, आणि कोरडा.

ऊन तिरपं झालं होतं.

"ताई, चला! नाव थांबणार नाही!"

ती गुडघ्यावर बसली. ओल्या मातीवर दोन्ही हात टेकले.

"आई," ती म्हणाली. टेकाडावर हा शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारला होता. "मला दगडांचं वेड कधीच नव्हतं गं. मी तुझ्यासाठी यायचे."