मागच्या सीटवरची ऊब

वारा

खिंडीत पोचेपर्यंत फ्लोरालबाला आपली बोटं आपलीच आहेत याची खात्री उरली नव्हती. ब्रेक दाबला तो सवयीनं. मोटारसायकल थांबली तशी ती उतरली, हातमोजे तापलेल्या इंजिनावर ठेवले आणि दोन्ही हात काखेत घालून जागच्या जागी उड्या मारू लागली.

समोर धुक्यात फ्राइलेहोनची झाडं उभी होती. माणसाएवढी उंच, जाड बुंध्याची, डोक्यावर लोकरीसारख्या मऊ पानांचा झुबका. तिचे आजोबा थंडीत हीच पानं बुटात कोंबायचे, सदऱ्यात कोंबायचे. फ्लोरालबानं इकडेतिकडे पाहिलं. एक पान तोडलं. दुसरं तोडलं. तिसरं जॅकेटात सरकवताना मागून आवाज आला —

"ते परत लावा."

ती वळली. हिरव्या गणवेशातला एक उंच माणूस. या उघड्या डोंगरमाथ्याचा, पारामोचा, राखणदार. नवा असावा. नाक बीटासारखं लाल आणि दात तर असे वाजत होते, की हुकूम धड ऐकूही येईना.

"तोडलेलं पान परत लावता येतं?" तिनं विचारलं. "दाखवा बरं लावून. मीही शिकते."

"कायदा आहे, बाई. हे झाड वर्षाला नखभर वाढतं. तुमच्या आजोबांपेक्षा म्हातारं आहे ते."

"असं?" ती झाडाकडे वळली, मान लववली. "माफ करा, पणजोबा. थंडी वाजत होती."

त्याला हसू फुटलं. ते त्यानं घाईघाईनं कॉलरमध्ये लपवलं.

"दंड होतो याला."

"करा की."

"पेन... चालत नाहीये. थंडीनं."

तिनं जॅकेटची चेन खाली ओढली. आत, छातीशी, फडक्यात गुंडाळलेल्या आल्मोहाबाना होत्या — मका आणि ताज्या चीजचे गोल पाव, सकाळीच भट्टीतून काढलेले, अजून कोमट. एक तिनं त्याच्या हातावर ठेवला.

"लाच?"

"छे! तुमचे दात बंद व्हावेत म्हणून. झाडं घाबरतायत."

रबरी कोट

त्याचं नाव दुमार. खाली यानोच्या माळरानावरचा. तिथं माणसं बारा महिने उघड्या अंगानं झोळीत झोपतात आणि गारवा म्हणजे काय ते फक्त विहिरीलाच ठाऊक असतं.

दर शनिवारी फ्लोरालबा आपल्या गावाहून, ला पेन्याहून, पाव घेऊन खिंड चढायची आणि पलीकडच्या आगुआ फ्रियातल्या दुकानात पोचवायची. आणि दर शनिवारी, योगायोगानं, राखणदाराला खिंडीतलीच झाडं तपासायची असायची.

"हे काय लावलंय हँडलला?"

"तेलाचे डबे. अर्धे कापून बसवलेत. हाताला वारा लागत नाही."

"आणि घोंगडी रबरी कोटाच्या आतून? इथले पुरुष तर वरून घालतात. ऐटीत."

"वरून घातली की उडते, उडाली की चाकात जाते. मग माणूसही ऐटीत जातो."

"मला एक सांगा," तो गुळाच्या गरम पाण्याचा थर्मास तिच्यापुढे धरत म्हणाला, "इतक्या थंडीत यायचंच कशाला? दुधाचा ट्रक येतो की रोज."

"ट्रकमध्ये बसलं की ड्रायव्हरची बायको सोडून गेल्याची गोष्ट ऐकावी लागते. इथून तिथपर्यंत."

"मग?"

"मग काय... मी ड्रायव्हरला दोष देत नाही. पण मी बायकोच्या बाजूनं आहे."

तो हसला तेव्हा त्याच्या तोंडातून वाफ निघाली आणि तिच्या वाफेत मिसळली. दोघांनीही ते पाहिलं. दोघांनीही भलतीकडे पाहिलं.

कागद

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी त्यानं तिच्या हातात जुनं वर्तमानपत्र दिलं. "छातीवर घाला, कोटाच्या आत. माझा मामा सायकलच्या शर्यतीत असंच करायचा. वारा कागदाला फाडू शकतो, पण भेदू शकत नाही."

"तुम्हाला थंडीतलं काही कळतं तर!"

"एवढंच कळतं."

खरोखर ऊब आली. रात्री कागद काढताना तिला दिसलं, शब्दकोडं अर्धंच सोडवलेलं होतं. तिनं उरलेलं सोडवलं आणि पुढच्या शनिवारी परत दिलं. घामानं मऊ पडलेलं, तिच्या अंगाच्या आकारात वळलेलं. दुमारनं ते घडी न घालता, तसंच वळलेलं, हातात धरून ठेवलं. बराच वेळ. मग लाल झालेल्या कानांनी म्हणाला, "उभा सातवा चुकलाय."

"मुळीच नाही."

"'शूर' नाही तिथे. 'हट्टी' आहे."

"दोन्ही दोनच अक्षरं. मी माझं लिहिलं."

लोकर

घरी आई भट्टीपुढून तिला उठू देत नसे.

"अगं, भट्टीच्या झळीतून उठून वाऱ्यात गेलीस तर पास्मो होईल! तोंड वाकडं होईल, पोरी. मेर्सेदेसच्या सुनेचं झालं नाही का? एक डोळा मिटेना आणि ओठ कानाला टेकला."

"मेर्सेदेसची सून आधीपासूनच तशी बघते, आई."

"हस. हस तू. सरळ आहे तोवर हसून घे."

आणि मग आपल्या खांद्यावरची घोंगडी काढून मुलीच्या डोक्यातून घालायची. शिव्या देत देत. थोडी ओढूनच.

एदिलबेर्तो, तिचा थोरला भाऊ, दारात उभा राहून हे सगळं बघे. मोटारसायकल वडिलांची. वडील गेले आणि गाडी कुणाची हे कुणी ठरवलं नाही. पहिल्या शनिवारी फ्लोरालबा पाव लादून निघाली, एवढंच. आता एदिलबेर्तोला पाचूच्या खाणीत काम मिळत होतं आणि तिथं जायला गाडी हवी होती.

"सोळा जुलैला ठरवू," तो म्हणाला.

आईनं भट्टीत एक लाकूड सारलं. फ्लोरालबानं दुसरं.

सोळा जुलै म्हणजे कार्मेनच्या माउलीचा दिवस. गाडीवाल्यांची माउली ती. खिंडीतल्या तिच्या देवळापुढे रांग लागते, फादर एकेका गाडीवर तीर्थ शिंपडतो. ला पेन्यात एक रीत आहे, कुणी लिहिलेली नाही आणि कुणी मोडलेलीही नाही: तीर्थ पडताना हँडल ज्याच्या हातात, वर्षभर गाडी त्याची. पुढे पुरुष बसतो. मागे घरातली बाई, मांडीवर फुलं घेऊन.

"तू मागे बस फुलं घेऊन," एदिलबेर्तो म्हणाला. "गोड दिसशील."

"आणि शनिवारचे पाव?"

"दुधाचा ट्रक आहे की."

पुन्हा वारा

"सोपं आहे," दुमार म्हणाला. सगळं ऐकून तो खुशीतच आला होता, हा त्याचा मोठा अपराध. "गाडी देऊन टाका त्याला. मला खात्याची गाडी आहे. दर शनिवारी मी नेईन तुम्हाला. मागे बसायचं, माझ्या पाठीशी. वारा लागणारच नाही. उबेत —"

तिनं मान खाली घालून हातमोजे चढवले. त्याला वाटलं लाजली.

"दुमार."

"हं?"

"ऊब हवी असती तर मी भट्टीपुढून उठले असते का?"

"मी चांगल्या मनानं —"

"माहीत आहे. माझा भाऊही चांगल्या मनाचा आहे. आईसुद्धा. सगळे मला चांगल्या मनानं मागे बसवतायत." तिनं किक मारली. "ही खिंड मी चढते म्हणून मला आवडते. कुणी चढवली तर नुसता डोंगर आहे तो."

त्यानं पुढे केलेलं वर्तमानपत्र तिनं घेतलं नाही. उतारभर वारा छातीत सुईसारखा शिरत राहिला, आणि रागानं माणसाला ऊब येते हे साफ खोटं निघालं.

त्यानंतरच्या शनिवारी खिंडीत कुणी नव्हतं. झाडं तेवढी होती.

तोंडावर काहीच न घालता

सोळा जुलैला उजाडताना एदिलबेर्तोनं बूट चमकवले, केस पाण्यानं बसवले, आणि अंगणात आला तर गाडी नव्हती.

फ्लोरालबा पहिली खेप भट्टीतून काढून, घोंगडी, कोट, हातमोजे घाईनं चढवून निघाली होती. तोंडावर बांधायचा रुमाल तेवढा भट्टीपाशीच राहिला. वरून बारीक गारठलेला पाऊस आडवा येत होता. ओठ आधी दुखले, मग जड झाले, मग नाहीसेच झाले.

देवळापुढे रांग लागली होती. प्रत्येक गाडीवर पुढे एक पुरुष, मागे एक बाई, फुलं. फ्लोरालबा एकटी रांगेत घुसली. कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात दुधाचा ट्रक करकचून थांबला आणि त्यातून एदिलबेर्तो उतरला, मागोमाग आई, घोंगडीखाली झेंडूसारख्या पिवळ्या फुलांचा गुच्छ धरून.

"उतर," एदिलबेर्तोनं हँडलचा एक कान धरला.

तिनं मान हलवली.

"फ्लोरालबा, लोकांत तमाशा नको. बोल काहीतरी!"

तिनं तोंड उघडलं. ओठ हलेनात. एक बाजू जरा वर गेली, दुसरी जागची हलली नाही, आणि बाहेर पडला तो नुसता "अव्व".

"वाकडं झालं!" आईनं किंकाळी फोडली. "पास्मो! सांगितलं होतं मी! माझ्या पोरीचं तोंड वाकडं झालं!"

अख्खी रांग वळली. बायकांनी छातीवर क्रूस काढले. एदिलबेर्तोचा हात हँडलवर घट्ट झाला. बाईनं हँडल धरू नये याला आता आणखी काय पुरावा हवा होता? फादर पाण्याचं भांडं घेऊन दोनच गाड्यांवर आला होता. फ्लोरालबाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गालावर उतरताना गरम लागलं, इतका गाल गार होता. तिनं हँडल सोडलं नाही. बोलता येत नव्हतं, तर नाही. धरता येत होतं.

मग मागची सीट खाली दबली.

कुणीतरी तिच्या आईच्या हातून फुलं काढून घेतली होती. "द्या, मावशी," म्हणत. आणि आता तो लांबलचक माणूस, गणवेशात, गुडघे कानापर्यंत आलेले, फुलं मांडीवर घेऊन मागे बसला होता.

मग हशा पिकला.

"ओ साहेब! मागे बायका बसतात!"

"ऐकून आहे," दुमार म्हणाला. त्याचे दात वाजत होते, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "पण मागे ऊब असते. मला थंडी सोसत नाही. हिला सोसते. ज्याला सोसते त्यानं पुढे बसावं."

"मग फुलं कशाला धरलीत?"

"गोड दिसतो म्हणून."

फ्लोरालबाच्या पोटातून काहीतरी वर आलं. ते छातीत आलं, गळ्यात आलं, ओठांशी अडलं आणि मग फुटलं. ती हसली. ओठ तडकले, चटकन दुखले, आणि दोन्ही कोपरे सारखे वर गेले. आई पुढे आली, मुलीची हनुवटी धरून चेहरा डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला.

"सरळ आहे," ती हळूच म्हणाली. मग मुलाकडे पाहून, जरा मोठ्यानं, "सरळ आहे रे. सोड तिचं हँडल."

"आई, खाणीतलं काम —"

"ट्रकनं जा. ड्रायव्हरची गोष्ट ऐक. तुला उपयोगी पडेल."

त्यानं लगेच सोडलं नाही. फादरकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. मग त्यानं एक एक बोट काढलं.

फादर समोर उभा होता, शिंपडणी हातात, घोटाळलेला. "पण... चालक कोण म्हणून आशीर्वाद देऊ?"

"मी," फ्लोरालबा म्हणाली. शब्द जाड निघाला, पण पुरा निघाला. "शिंपडा, फादर. गार असलं तरी चालेल."

कातडी

रस्ता खिंडीपलीकडे उतरतो तो थांबतच नाही. आगुआ फ्रिया गेलं. तिथं पाव उतरवले, दुकानदारणीनं मागच्या सीटकडे पाहून भुवया उंचावल्या, फ्लोरालबानं तिच्याकडे पाहून उंचावल्या. खरं तर इथून ती नेहमी परत फिरते. आज तिनं हँडल उताराकडेच धरलं. धुकं विरलं. एका वळणानंतर पहिलं केळीचं झाड आलं आणि हवेला ओल्या मातीचा वास सुटला. तिनं आधी हातमोजे काढले, मग पुढच्या वळणावर थांबून कोट, मग घोंगडी.

"अजून खाली गेलीस," दुमार तिच्या कानाशी म्हणाला, "तर इतकं गरम होईल की अंगावर काही ठेवावंसंच वाटणार नाही."

"आधी लग्नाचं विचार. मग कपड्यांचं बोल."

त्याचे हात तिच्या कमरेभोवती होते ते जागच्या जागी थिजले.

"...विचारू?"

"उतार संपायच्या आत. खाली माझं डोकं गरम होईल."

"माझ्याशी लग्न करशील, फ्लोरालबा? मी मागे बसेन. कायम."

"कायम नको." उतार संपत आला होता. तिनं गाडी कडेला घेतली, उतरली, आणि त्याच्याकडे वळली. दोघांचे चेहरे इतके जवळ आले की कोणता श्वास कुणाचा ते कळेना, आणि इथं वाफही दिसत नव्हती. "यानोच्या सपाटीवर तू चालव. तिथला रस्ता मला माहीत नाही. चढावर मी."

"म्हणजे हो?"

तिनं किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि मागे बसली.