सोळा पूर्णांक चार

त्या दिवशी काम साधंच होतं. संग्रहालयाला सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी लादी परगावच्या प्रदर्शनासाठी दोन वर्षं जाणार होती, आणि खोक्यात घालण्याआधी मला तिची मापं घ्यायची होती.

ही लादी म्हणजे आमच्या संग्रहालयाची शान. भाजलेल्या मातीची, तीन हजार वर्षांपूर्वीची. ती ओली असताना कुणा लहान मुलाचा डावा पाय तिच्यावर पडला, तो ठसा तसाच राहिला. दरवर्षी तो मोजून नोंदवहीत लिहायचा, हे माझं काम. मी मोजत नसे. भाजलेली माती थोडीच वाढते? मागच्या पानावरचा आकडा मी नीट अक्षरात उतरवून काढत असे : १६.४ सेंटिमीटर. अशी अकरा वर्षं.

या वेळी प्रदर्शनवाल्यांना ताजं माप हवं होतं. मी कॅलिपर लावला. २३.८.

पुन्हा लावला. २३.८.

दाराशी बसलेला पहारेकरी हसला. "मी कधीचा सांगतोय साहेब, हे कसलं बाळ? आमच्या बायकोची चप्पल बसेल यात!"

मला हसू आलं नाही. तो आकडा मला पाठ होता. महिन्यापूर्वीच बुटांसाठी मी मुलीचे पाय मोजले होते. उजवा २३.८. डावा १६.४. तिचा डावा पाय पाचव्या वर्षानंतर वाढलाच नाही. सगळे डॉक्टर झाले, कारण कुणालाच सापडलं नाही. "माझा डावा पाय अजून बालवाडीत आहे," असं ती चारचौघांत हसून सांगते, आणि घरी आली की खोलीचं दार लावून घेते.

पाच वर्षांची असताना, अशाच एका सुट्टीला, मी तिला इथे आणलं होतं. लादीवरची काच उघडी होती, आणि तिने आपला डावा पाय ठशात ठेवला होता. "बाबा, बघा, बरोब्बर बसला!" ती म्हणाली होती. मीही हसलो होतो.

मी आमच्या संचालक मॅडमच्या खोलीत गेलो. लादी पाठवू नका म्हणालो, ठसा वाढलाय म्हणालो. त्यांनी शांतपणे नोंदवही उघडली.

"अकरा वर्षं सोळा पूर्णांक चार. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. पण मी... मोजलं नव्हतं."

"मग आज मोजलंत, हे मी कशावरून मानू?"

मी मुलीला बोलावून घेतलं. पहारेकरी चहाला गेला होता. दालनात आम्ही दोघंच.

"बूट काढ. डावा पाय ठेव यात."

"बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"ठेव, बाळा. परत मिळाला तर मिळाला..."

तिने तो इवलासा पाय त्या मोठ्या ठशात ठेवला. बराच वेळ काहीच झालं नाही. ओल्या मातीचा वास तेवढा येऊ लागला.

"गार लागतंय?"

"नाही..." तिचा आवाज एकदम खाली गेला. "गरम आहे. आत्ताच कुणीतरी पाय उचललाय इथून."

तेवढ्यात आमच्या मागे फरशीवर अनवाणी पाऊल वाजलं. मग जरा थांबून पुन्हा. तेच पाऊल, तोच पाय. लंगडी घालत ते दाराकडे गेलं, आणि एकेक पायरी उतरत खाली.

मुलीने माझी बाही घट्ट धरली होती. तिला बाजूला घेऊन मी ठसा मोजला. १६.४. मग तिचा पाय मोजला.

१६.४.

या वेळी मी दोन्ही खरंच मोजले होते.