चाकांच्या खुर्चीतला भाचा

खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत एक तरुण बसला होता. अर्धांगवायूचा नवा पेशंट तो हाच, असं धरून ती समोर स्टूल ओढून बसली. पुनर्वसन केंद्रात सगळे तिला 'रमवणारी' म्हणत. आजारातून उठलेला माणूस कशात रमेल हे विचारून-निरखून ठरवणं, हे तिचं काम. त्याचा पगारही मिळतो, यावर तिच्या आईचा अजून विश्वास बसला नव्हता.

"संध्याकाळी काय करता?"

"मी... दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो. संध्याकाळी झोपतो."

"आवड कशाची?"

"झोपेचीच म्हणायची."

"पोटभर हसलात, त्याला किती दिवस झाले?"

तो विचारात पडला. "आठवून सांगितलं तर चालेल?"

तिला गलबलून आलं. तिने हात पुढे केला. "माझी बोटं दाबा बघू."

त्याने दाबली. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"ताकद उत्तम आहे!"

"पेशंट मी आहे," दारातून काठी टेकत आलेले एक गृहस्थ म्हणाले. "हा माझा भाचा. खुर्ची दिसली की बसतो. पण चालू दे, गरज त्यालाच जास्त दिसतेय."

ती कानापर्यंत लाल झाली. मग मामांना विचारू लागली, तर उत्तरं भाचाच देई.

"मामांना कॅरम—"

"मी मामांना विचारलंय. तुम्ही बाहेर बसा."

"खुर्चीत बसू?"

"नको!"

मामांना कॅरमच हवा होता. फक्त हरायला कुणीतरी पाहिजे होतं. भाचा रोज संध्याकाळी येऊन उजवा हात लुळा पडल्याने डाव्या हाताने खेळणाऱ्या मामांकडून सपाटून हरू लागला, खो खो हसू लागला. बोर्डावर पावडर टाकताना तिचे कान लिफ्टच्या दाराकडे असत. मामांचा उजवा हात स्ट्रायकर मारू लागला की त्यांना घरी सोडायचं, असं ठरलं होतं. पण तो हात काही हलेना.

एका दुपारी तिने दाराच्या काचेतून पाहिलं. मामा एकटेच होते, आणि उजव्या हाताने त्यांनी राणी अलगद घेतली.

ती थबकली. सांगितलं तर मामा घरी जाणार... आणि भाच्याबरोबरच्या त्या संध्याकाळीही संपणार. क्षणभर वाटलं, आपण काही पाहिलंच नाही. मग तिने दार ढकललं.

"मामा, राणी कुठल्या हाताने घेतलीत?"

"अगं, मी बरा झालो तर तो गाढव इथे कशाला येईल? अजून तुला मनातलं सांगायला तोंड उघडलं नाही त्याने!"

"उद्या घरी जायचं तुम्ही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामांना निरोप देऊन ती खोलीत परतली, तर चाकांच्या खुर्चीत भाचा!

"मामा कुठायत?"

"खाली टॅक्सीत. मला म्हणाले, तोंड उघडल्याशिवाय खाली येऊ नकोस." तो अडखळला. "माझी तपासणी अर्धी राहिलीय... आवड कशाची, ते परत विचारा ना."

तिने स्टूल ओढलं. "कशाची?"

"संध्याकाळची. तुम्ही असाल तर."

खालून हॉर्न वाजू लागला. तिने हात पुढे केला.

"बोटं दाबा बघू."

त्याने दाबली. या वेळी तिनेही.